वेलचीचं तेल थेंबांनी नाही, काट्यावर मोजायचं

निलगिरीच्या तेलाची बाटली घरात आली की ती बहुतेक घरांत उंच फळीवर जाते. ते तीव्र आहे, मुलांच्या हाती लागू द्यायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. वेलचीच्या तेलाची बाटली मात्र मिसळणाच्या डब्याशेजारी दिसते. वेलची म्हणजे श्रीखंड, बासुंदी, कोजागरीचं मसाला दूध. तिची भीती कुणाला वाटणार? पण या दोन्ही तेलांत एक मोठा घटक सारखाच आहे: १,८-सिनिओल. निलगिरीच्या तेलात त्याचं प्रमाण साधारण ६० ते ८५ टक्के असतं, हिरव्या वेलचीच्या तेलात साधारण २० ते ५० टक्के. उरलेला मोठा वाटा अल्फा-टर्पिनाइल अॅसिटेटचा, तोही ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जातो. वेलचीचा गोडसर, फळासारखा वास त्याचा असतो आणि नाकात शिरणारा थंड झटका सिनिओलचा. गोड वासामुळे तो थंड झटका विसरला जातो, आणि गडबड तिथूनच सुरू होते.

एका थेंबात किती वेलची असते याचा हिशोब एकदा करून ठेवावा. वाळलेल्या वेलचीतून वाफेच्या ऊर्ध्वपातनाने साधारण ३ ते ८ टक्के तेल निघतं. ५ टक्के धरू. १ मिलिलिटर तेलाचं वजन ०.९३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे त्याला जवळपास १९ ग्रॅम वेलची लागली. एक मध्यम वेलची ०.२ ग्रॅमची धरली, तर त्या १ मिलिलिटरमागे ९० ते ९५ वेलच्या झाल्या आणि एका थेंबामागे चार-पाच. एक थेंब म्हटला तर फार वाटत नाही. पण १० मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत नऊशेच्या वर वेलच्यांचं तेल असतं, आणि ते दाण्यांत अडकलेलं नसतं. दाणा चावला तर तेल हळूहळू सुटतं, लाळेत मिसळतं, पसरतं. बाटलीतलं तेल त्वचेला, डोळ्याला, घशाला एकदम आणि पूर्ण ताकदीने भिडतं.

नाशिकमध्ये आम्ही वेलचीचं तेल मुख्यतः दोन कामांसाठी वापरतो. दिवाळीच्या अभ्यंगाचं तेल, जे पुढे थंडीभर मालिशसाठी चालतं. आणि डिफ्यूजरसाठी, म्हणजे हवेत सुगंध पसरवणाऱ्या यंत्रासाठी, किंवा हुंगायच्या नळीसाठी सुगंध. अभ्यंगाचं तेल दसऱ्याच्या सुमारास एकदम करून ठेवतो. ते काम ज्या क्रमाने होतं त्याच क्रमाने इथे सांगतो.

आधी बाटली तपासणं. लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव हवं: एलेटारिया कार्डामोमम. नुसतं ‘कार्डमम ऑइल’ पुरत नाही, कारण मसाला वेलची, म्हणजे काळी मोठी वेलची, ही वेगळी वनस्पती आहे. तिचं नाव अॅमोमम सुब्युलेटम. तिच्या तेलात सिनिओल ६० टक्क्यांच्या वर जातं, म्हणजे वागायला ते निलगिरीच्या जवळचं. लेबलवर ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ असेल तर ते कृत्रिम सुगंधी मिश्रण समजायचं, ते अंगाला लावायचं नाही. मिठाईत घालायचा वेलची इसेन्स हा तिसराच पदार्थ. तो खाण्यासाठी पातळ केलेला असतो. डिफ्यूजरमध्ये तो चिकट थर धरतो, आणि इसेन्सच्या जागी हे तेल बासुंदीत घालणं तर पूर्ण चूक. सुगंधोपचाराचं तेल पोटात घेण्यासाठी नाही, अर्धा थेंबही नाही.

लेबलनंतर बॅच क्रमांक आणि त्याच बॅचचा जीसी-एमएस अहवाल, म्हणजे तेलात कोणता घटक किती आहे हे दाखवणारा प्रयोगशाळेचा अहवाल, मागायचा. विक्रेत्याने गुळगुळीत छापलेला पण दुसऱ्याच बॅचचा अहवाल पाठवला तर त्याचा उपयोग नाही. अहवालात आम्ही दोन आकडे आधी बघतो, सिनिओल आणि टर्पिनाइल अॅसिटेट. सिनिओल ६०-७० टक्के आणि टर्पिनाइल अॅसिटेट नावापुरतं असेल, तर ते काळ्या वेलचीचं तेल आहे किंवा त्यात निलगिरी मिसळली आहे. दोन चांगल्या बॅचमध्येही फरक असतोच. मलबार प्रकारच्या वेलचीत सिनिओल जास्त असतं, म्हैसूर प्रकारात टर्पिनाइल अॅसिटेट जास्त. मालिशच्या तेलाला आम्ही दुसरा प्रकार निवडतो, त्याचा वास अंगावर जास्त वेळ आणि गोड राहतो.

अहवाल मिळाला तरी कागदाची चाचणी करतो. पांढऱ्या गाळणकागदाच्या पट्टीवर एक थेंब टाकायचा आणि लगेच, अर्ध्या तासाने, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी हुंगायचा. खऱ्या वेलचीच्या तेलात आधी थंड, टोकदार वास येतो. अर्ध्या तासात तो मागे सरतो आणि गोड, उबदार वास पुढे येतो, तो तासनतास टिकतो. निलगिरी मिसळलेलं तेल सुरुवातीला जोरदार असतं आणि नंतर पट्टीवर फारसं काही उरत नाही. दुसऱ्या दिवशी कागदावर तेलकट, पारदर्शक डाग राहिला तर बाटलीत खाद्यतेलासारखं काहीतरी घातलेलं आहे. अपवाद सीओटू पद्धतीने, म्हणजे वाफेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरून काढलेल्या अर्काचा. त्यात बियांचं थोडं स्थिर, उडून न जाणारं तेल येतं, त्यामुळे डाग राहतो आणि तो दोष नसतो. बिनवासाच्या द्रावकाची भेसळ मात्र या चाचणीत पकडता येत नाही, म्हणून अहवाल हवाच.

किंमतही बोलते. एक लिटर तेलाला साधारण २० किलो वेलची लागते. वेलचीचा भाव किलोला २५०० रुपये धरला तर नुसता कच्चा माल ५० हजारांचा, म्हणजे १० मिलिलिटरला ५०० रुपये. तेल काढणारे बारीक, फुटकी, रंग उतरलेली वेलची स्वस्तात घेतात हे खरं. तरी त्यावर ऊर्ध्वपातन, बाटली, वाहतूक आणि नफा चढतो. दीडशे रुपयांना १० मिलिलिटर शुद्ध वेलचीचं तेल कुणी देत असेल तर ते कसं परवडतं, हा प्रश्न दुकानातच विचारावा.

मग कॅरियर तेल, म्हणजे ज्यात वेलचीचं तेल पातळ करायचं ते. नाशिकमध्ये हा निर्णय हवामान घेतं. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं. इथे दिवाळीपासूनच पहाटे पारा त्याच्या खूप खाली असतो आणि डिसेंबर-जानेवारीत १० अंशांच्याही खाली उतरतो. निफाडकडे तर आणखी. खोबरेलात केलेलं मिश्रण बाटलीत दगड होतं, रोल-ऑनची गोळी फिरत नाही. मग घरात ती बाटली गरम पाण्यात ठेवली जाते, रोज तापवली जाते. दर वेळी थोडा सुगंध उडतो आणि तेल लवकर खराब होतं. म्हणून थंडीसाठी तिळाचं तेल. न गोठणारं, फ्रॅक्शनेटेड खोबरेलही चालतं.

आता गावात लाकडी घाण्याचं तिळाचं तेल सहज मिळतं आणि मालिशला ते उत्तम आहे, पण दोन गोष्टी पाळाव्या लागतात. ताज्या घाण्याच्या तेलात गाळ असतो. तो आठवडाभर तळाशी बसू द्यावा आणि वरचं तेल दुपदरी मलमलीतून गाळून घ्यावं. गाळासकट भरलेली बाटली दोन महिन्यांत कुबट वास मारते. शिवाय तिळाचा स्वतःचा वास जोरदार असतो, त्याखाली १ टक्का वेलची दबते. इथे लोक वेलचीचं प्रमाण वाढवतात. वाढवायचं काही कारण नाही. निम्मं घाण्याचं आणि निम्मं शुद्धीकृत तिळाचं तेल घेतलं की वास मोकळा होतो. द्राक्षाच्या गावात द्राक्षबियांच्या तेलाचा आग्रह हमखास होतो. ते हलकं आहे, चिकटत नाही, वेलचीचा वास त्यात छान उमलतो. पण त्यात लिनोलेइक आम्ल भरपूर, म्हणून ते लवकर खवट होतं. ते घ्यायचं तर छोट्या बाटलीत आणि दोन-तीन महिन्यांत संपेल एवढंच करावं. शेंगदाणा तेल आम्ही वापरत नाही, कारण तेल लावणारा आणि लावून घेणारा दोघांच्याही अॅलर्जीची खात्री करत बसावं लागतं. तिळाचीही अॅलर्जी काहींना असते. ते विचारूनच बाटली द्यावी.

खरा घोळ मोजण्यात होतो. सगळीकडे ‘२० थेंब म्हणजे १ मिलिलिटर’ असं लिहिलेलं असतं. ते बाटलीवर अवलंबून आहे. एका बाटलीच्या तोंडातल्या प्लास्टिकच्या बुचातून २० थेंबांत १ मिलिलिटर होतं, दुसऱ्या बारीक भोकाच्या बुचातून ३५ लागतात. बाटली उभी उलटी धरली की तिरकी, तेल उन्हाळ्यातलं की फ्रिजमधलं, यानेही थेंब लहानमोठा होतो. अशा मापाने १ टक्क्याचं मिश्रण नकळत पावणेदोन टक्क्यांचं होतं आणि कुणाला कळतही नाही. उपाय स्वस्त आहे: ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा सराफी काटा. काटा सपाट जागी, पंखा बंद करून ठेवायचा. वाऱ्याने शेवटचा आकडा नाचतो.

अभ्यंगाच्या तेलासाठी आमचं प्रमाण १ टक्का. ५०० ग्रॅमच्या मिश्रणाला ४९५ ग्रॅम कॅरियर आणि ५ ग्रॅम वेलचीचं तेल. काचेचं कोरडं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा, आधी वेलचीचं तेल ५.०० ग्रॅम, मग पन्नासेक ग्रॅम कॅरियर घालून काचेच्या दांड्याने ढवळायचं, आणि मग उरलेलं कॅरियर. उलट केलं, म्हणजे कॅरियरच्या वर वेलचीचं तेल ओतलं आणि एक-दोन ग्रॅम जास्त पडलं, तर ते काढता येत नाही. भांड्यात पाण्याचा अंश नको. उकळतं किंवा गरम केलेलं तेल नको. ‘नीट मिसळावं’ म्हणून कॅरियर तापवण्याची गरज नसते, दोन्ही तेलं थंडच एकमेकांत विरघळतात. ०.२ टक्के व्हिटॅमिन ई, म्हणजे ५०० ग्रॅमला १ ग्रॅम, कॅरियर खवट होणं लांबवतं. तेवढं कॅरियर कमी घ्यायचं.

एकच १० ग्रॅमची रोल-ऑन बाटली करायची असेल तर काट्यावर ०.१० ग्रॅम मोजणं फसवं आहे, कारण ०.०२ ग्रॅमची चूक तिथे २० टक्के होते. तेव्हा १०० ग्रॅमचं मिश्रण करून त्यातून बाटली भरावी. काटा नसेलच, तर निदान आपल्या बाटलीचे थेंब एकदा सराफाकडे मोजून घ्यावेत: २० थेंब, त्यांचं वजन, भागाकार. ०.०४५ ग्रॅमचा थेंब आला तर ३० ग्रॅम तेलाला १ टक्क्यासाठी ६-७ थेंब; ०.०३ चा आला तर १०.

प्रमाणं आम्ही अशी धरतो: चेहऱ्याला ०.५ टक्के, वृद्धांना आणि नाजूक त्वचेला ०.५ ते १, निरोगी मोठ्या माणसाच्या अंगाला १, आणि पाठ-खांद्यासारख्या छोट्या भागाला फार तर २. वेलचीचं तेल त्वचेवर तसं सौम्य आहे, उन्हात काळे डाग पाडणाऱ्या तेलांपैकी नाही. त्यामुळे २ टक्क्यांनी कुणाचं अंग भाजेल असं नाही. पण १ टक्क्यात जे होतं त्याहून ३ टक्क्यांत काही जास्त होत नाही, फक्त वास डोक्यात जातो आणि महागडं तेल वाया जातं.

मिश्रणात इतर तेलं आली की हिशोब बदलतो. वेलची १ टक्का, लॅव्हेंडर १ टक्का, संत्र १ टक्का असं तिघांना धरलं तर एकूण ३ टक्के झाले. मर्यादा सगळ्यांची मिळून असते. दिवाळीत ‘मसाल्याचा वास’ हवा म्हणून वेलचीबरोबर लवंग आणि दालचिनीची तेलं मागितली जातात, आणि ती दोघं वेलचीसारखी मवाळ नाहीत. त्वचेसाठी लवंगेच्या तेलाची शिफारस केलेली मर्यादा ०.५ टक्के आहे, दालचिनीच्या सालीच्या तेलाची ०.०७ टक्के. म्हणजे १०० ग्रॅम तेलात ०.०७ ग्रॅम, जेमतेम दीड थेंब. घरच्या मापाने ते पाळणं अशक्य, म्हणून दालचिनी आम्ही अंगाच्या तेलात घालतच नाही. लिंबू आणि बर्गमॉटची सालीतून दाबून काढलेली तेलं उन्हात त्वचेवर डाग आणि फोड आणू शकतात. सकाळी अभ्यंग करून उन्हात फिरायला निघणाऱ्यांनी ती टाळावी. संत्र्याचं चालतं.

बाटली देण्याआधी पॅच चाचणी. शुद्ध तेलाची नाही, तयार मिश्रणाची. कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब, वर छोटी पट्टी, २४ तास पाणी नको. मग पट्टी काढून बघायचं, आणि पुन्हा ४८ तासांनी. अॅलर्जीची लाली अनेकदा उशिरा येते. दुसऱ्या हातावर नुसतं कॅरियर तशाच पट्टीखाली लावावं. दोन्ही हातांवर लाल आलं तर दोष तिळाचा किंवा पट्टीच्या गोंदाचा, वेलचीचा नाही. मधेच खाज सुटली तर २४ तास पूर्ण करायचा हट्ट नको. पट्टी काढावी, साध्या तेलाने पुसावं आणि मग साबणाने धुवावं. नुसतं पाणी तेल पसरवतं.

आंघोळीच्या बादलीत वेलचीचे चार थेंब टाकायचे, असं पुष्कळ ठिकाणी सुचवलेलं दिसतं. ते करू नये. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं, आणि पहिल्याच तांब्याबरोबर न पातळ झालेला थेंब डोळ्यात किंवा नाजूक जागी जातो. दूध, मध, मीठ, काहीही घातलं तरी यात फार फरक पडत नाही. अंगाला तेल लावून, उटणं लावून मग साध्या पाण्याने आंघोळ, ही आपली रीत या बाबतीत पूर्ण सुरक्षित आहे. गुलाबपाण्याच्या फवाऱ्याचंही तेच. हलवून फवारलं तरी अर्ध्या मिनिटात तेल वर येतं आणि बाटली संपत आली की उरलेलं शुद्ध तेल तोंडावर उडतं. पाण्यात मिसळायचंच असेल तर तेल पाण्यात विरघळवणारा पॉलिसॉर्बेट २० सारखा विद्रावक, तेलाच्या चार-पाच पट वजनाने, आणि शिवाय पाणी खराब होऊ न देणारा परिरक्षक लागतो. दोन्ही नसतील तर फवारा करू नये.

साठवणीत नाशिकची थंडी त्रास देते तसा मे महिनाही. ४० अंशांच्या दुपारी खिडकीतल्या किंवा गाडीतल्या बाटलीत तेल ऑक्सिडाइझ होऊ लागतं. वेलचीच्या तेलातलं लिमोनीन आणि लिनॅलूल हवेशी संयोग पावलं की त्यांपासून तयार होणारे पदार्थ त्वचेला अॅलर्जी देतात. ताज्या तेलाने काही न झालेल्या माणसाला दोन वर्षं जुन्या तेलाने पुरळ उठते, ते यामुळे. मोठी बाटली अर्धी झाली की उरलेलं तेल ५ मिलिलिटरच्या गडद काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवावं. रिकामी जागा कमी, तेवढी हवा कमी. रबरी फुग्याचा ड्रॉपर बाटलीला कायमचा लावून ठेवू नये, रबर फुगून मऊ होतं आणि तेलात उतरतं. उघडल्याची तारीख लेबलवर लिहावी आणि वर्षभरात संपवावं. फ्रिजमध्ये ठेवायचं तर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, नाहीतर दह्याला वेलची लागते. वास टर्पेंटाइनसारखा उग्र आला किंवा तेल दाट झालं, तर त्वचेचं काम त्या बाटलीचं संपलं.

डिफ्यूजरमध्ये १०० मिलिलिटर पाण्याला ३ थेंब. १० बाय १२च्या खोलीला तेवढं भरपूर होतं. अर्धा तास चालू, मग अर्धा ते एक तास बंद, आणि एक खिडकी किलकिली. दहा-पंधरा मिनिटांत नाक सरावतं आणि वास येईनासा होतो. तो संपलेला नसतो, हवेत असतोच. इथे लोक आणखी पाच थेंब घालतात आणि रात्री डोकं धरतं. डोकेदुखी, मळमळ, डोळे चुरचुरणं ही जास्त झाल्याची खूण: यंत्र बंद, खिडकी उघडी, माणूस बाहेर. बोअरिंगचं पाणी अल्ट्रासॉनिक, म्हणजे कंपनांनी पाण्याचं धुकं करणाऱ्या यंत्रात घालू नये, त्यातले क्षार पांढऱ्या धुळीसारखे फर्निचरवर आणि फुप्फुसात जातात. आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्यावं. आठवड्यातून एकदा टाकी स्पिरिटच्या बोळ्याने पुसावी.

मच्छर पळवायच्या मशीनच्या रिकाम्या बाटलीत इसेन्शिअल ऑइल भरून लावायची युक्ती फिरत असते. ती घातक आहे. ते यंत्र ठरावीक द्रवासाठी बनलेलं असतं, त्याची वात बरीच तापते, आणि वेलचीच्या तेलाची वाफ साधारण ५० ते ६० अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते. विजेच्या कापूरदाणीवर कोरडं तेल टाकणं, समईत किंवा पणतीत थेंब घालणं, हेही त्याच कारणाने नको. कापूरदाणी वापरायची असेल तर वाटीत पाणी, त्यावर दोन थेंब, आणि पाणी आटायच्या आत बंद.

प्रवासात मळमळ होणाऱ्यांसाठी हुंगायची नळी ही आमच्या मते वेलचीच्या तेलाची सर्वांत चांगली सोय आहे. कसारा घाट किंवा वणीचा गड चढताना ती खिशात असावी. आतल्या कापसाच्या वातीला ८ थेंब, झाकण घट्ट. नाकापासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरून दोन-तीन श्वास, मग बंद. वास ज्याला हवा त्यालाच मिळतो, शेजारच्याला नाही. मळमळीवर सुगंधाचा उपयोग होतो का, याचे अभ्यास छोटे आहेत आणि निष्कर्ष एकसारखे नाहीत; काहींना आराम पडतो एवढंच म्हणता येतं. बंद गाडीत डिफ्यूजर मात्र लावू नये. मागच्या सीटवर मूल असतं आणि ड्रायव्हरला खिडकी उघडायचं सुचेपर्यंत उशीर होतो. वाफाऱ्यात वेलचीचं तेल आम्ही सुचवत नाही. गरम वाफेबरोबर सिनिओल एकदम आणि भरपूर आत जातं, डोळे झोंबतात, दम्याच्या माणसाची छाती आवळू शकते. आणि सर्दीत जो काही आराम मिळतो तो साध्या वाफेनेही मिळतो.

मुलांबाबत आमचा नियम कडक आहे. सिनिओलने लहान मुलांच्या श्वासावर आणि मेंदूवर परिणाम होऊ शकतो, म्हणून दहा वर्षांखालच्या मुलांच्या चेहऱ्याजवळ, छातीवर, उशीवर, रुमालावर हे तेल नाही. दोन वर्षांखालचं बाळ ज्या खोलीत झोपतं तिथे डिफ्यूजर नाही. दिवाळीच्या पहाटे सगळं घर एकाच वाटीतलं तेल लावतं, म्हणून मुलांची वाटी आधीच वेगळी काढावी, नुसत्या तिळाच्या तेलाची. मुलांना वास हवाच असेल तर चार वेलच्या ठेचून मलमलच्या पुरचुंडीत बांधून खोलीच्या कोपऱ्यात टांगाव्यात. फिट्स येणाऱ्यांनीही दूर राहावं. निलगिरी आणि कापराच्या तेलाने झटके आल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत आणि वेलचीत सिनिओल कमी आहे म्हणून तिथे धाडस करू नये. दमा असेल, गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. घरात मांजर असेल तर डिफ्यूजर चालू असताना तिला खोलीबाहेर जाता आलं पाहिजे, कारण मांजराचं यकृत असे पदार्थ नीट निकामी करू शकत नाही; आणि पोपट किंवा लव्हबर्ड्सचा पिंजरा असलेल्या खोलीत डिफ्यूजर लावूच नये.

मालिश करणाऱ्यांचा विचार सहसा कुणी करत नाही. गिऱ्हाइकाच्या अंगावर तेल तासभर राहतं, मालिश करणारीच्या हातांवर दिवसभर, रोज. हातांना खाज आणि भेगा सुरू झाल्या की ‘पाण्याने झालं’ म्हणून सोडून दिलं जातं, आणि तोवर अॅलर्जी कायमची जडलेली असते. अशा कामाला १ टक्क्याच्या वर जाऊ नये, दोन मालिशांच्या मधे हात साबणाने धुवावेत, खोलीत हवा खेळती ठेवावी, आणि शुद्ध तेल ओतताना नायट्राइलचे हातमोजे घालावेत. लेटेक्सचे नकोत, तेल त्यातून आरपार जातं.

डोळ्यात तेल गेलं तर वाहत्या स्वच्छ पाण्याने १५ मिनिटं सलग धुवावं, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढून, आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. चोळू नये. मुलाने बाटली तोंडाला लावली असेल तर ‘वेलचीच आहे’ म्हणून वाट बघू नये. अशा तेलाने उलटी, गुंगी, झटके थोड्याच वेळात सुरू होऊ शकतात. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची सवय इथे जीवावर बेतू शकते, कारण वर येणारं तेल श्वासनलिकेत शिरलं तर फुप्फुसाला सूज येते. तोंड पुसावं, काही खायला-प्यायला देऊ नये, मुलाला कुशीवर धरावं आणि १०८ला फोन करून थेट मोठ्या रुग्णालयात जावं. बाटली आणि तिचं झाकण बरोबर न्यावं. आत किती होतं आणि किती उरलंय हे त्यावरूनच डॉक्टरांना कळतं.